खडावा काढा, बाबा

२०१८ साली, पोळ्याच्या आधीच्या पंधरवड्यात, नंदनवनमधल्या आमच्या लेआउटच्या, म्हणजे वस्तीच्या, देवीपुढे रोज दोन-तीनशे माणसांची रांग लागत होती. पाय धुवायचे, ओल्या पायांनी पाच पावलं चालायचं आणि देवीसमोरच्या लोखंडी त्रिशुळाला बोट लावायचं. बोट लागलं की माणूस किंचाळून मागे उडायचा. मुंग्या थेट खांद्यापर्यंत जायच्या. बाया रडायच्या, पुरुष कान पकडायचे.

"पाप निंगून राहिलं, मायबहिनींनो!" लाउडस्पीकरवरून बाबांचा आवाज यायचा. "या, या! संधिवात, शुगर, सासूचा तरास, एका झटक्यात साफ! पाहून जा, हात लावून जा!"

हे झटकेवाले बाबा म्हणजे भूपेश. त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत तो गांधीबागेत एका कापड दुकानाबाहेर उभा राहून गिऱ्हाइकं बोलवायचा. त्याच्या बोलण्याला भुलून मीही दोन पातळं घेतली होती. पहिल्याच धुण्यात रंग गेला. आता त्याच्या अंगात भगवी कफनी, पायात लाकडी खडावा आणि गळ्याशी छोटा माइक होता. तो स्वतः तोच त्रिशूळ मुठीत धरून पाच-पाच मिनिटं हसत उभा राहायचा. लोकांची खात्री पटायला तेवढं पुरेसं होतं.

मला मात्र ते पाहून एक जुनी गोष्ट आठवायची. माझे यजमान गोपाळराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. तिथल्या वसाहतीत आमची तीस वर्षं गेली. दोरीवरचं धुणं संध्याकाळपर्यंत राखेने करडं व्हायचं, तरी ते दिवस मला अजून आठवतात. शेजारी एक वेल्डर राहायचा. सुटीच्या दिवशी गावात कुणाची तरी पाण्याची टाकी जोडायला गेला. घामाने चिंब कपडे, फाटका हातमोजा. टाकीतच त्याला वीज लागली आणि चार जणांनी त्याचं प्रेतच बाहेर काढलं. पुढचे कित्येक दिवस त्याच्या आईचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

चंद्रभान माझा भाडेकरू, तोही वेल्डर. त्याचे वडील हातमाग चालवायचे. माग बंद पडले तेव्हा पोराने वेल्डिंग धरलं. देवीपुढचा लोखंडी मांडव महिनाभर तोच उभारत होता. त्रिशूळही त्याच मांडवाला जोडलेला. एका संध्याकाळी तो पडलेल्या चेहऱ्याने माझ्या दारात आला.

"काकू, मलेबी झटके बसून राहिले. बाबा म्हनते, मी चामड्याचे जोडे अन् हातमोजे घालून आईच्या मांडवात चढलो. त्याचा कोप हाय. पोटातल्या लेकराले भोवंल म्हनते."

त्याची बायको प्रणाली सात महिन्यांची गरोदर होती. ती मागे भिंतीला टेकून उभी होती.

"मग आता?"

"रविवारी अंघोळ करून, ओल्या धोतरानं, उघड्या पायानं शेवटचा जोड मारायचा. एका मुठीत त्रिशूळ, दुसऱ्या हातानं वेल्डिंग. म्हंजे कोप उतरते."

"अरे, ते चामडं तुझं चिलखत आहे! कोरडं असलं तर तुला विजेपासून राखतं."

"ते घालूनबी बसलाच ना झटका."

मी त्याचा हातमोजा मागवला. पिळला तर पाणी निघालं. अंगठ्याला भोक. त्याला दाखवलं, तर म्हणाला, "काकू, तुमी शिकलेल्या. देवाचं तुमाले नाही समजत."

"मी सांगून थकली," प्रणाली म्हणाली, "तं मलेच म्हनते, तू गप वं."

माझी भाची मेघा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते. तिला फोन केला. ऐकताच ती म्हणाली, "मावशी, बोट लावणारा मागे उडतो म्हणून वाचतो. मूठ धरणाऱ्याची मूठ उघडतच नाही. त्याला थांबव. मी येते."

रविवारी सकाळी ढोल वाजत होते. चंद्रभानच्या डोक्यावर तीन बादल्या ओतल्या. धोतर अंगाला चिकटलं, पायाखाली डबकं झालं. वेल्डिंगचं मशीन मांडवामागे ताडपत्रीआड होतं. तिथे बाबांचा चेला बंटी हाताची घडी घालून उभा. मेघा आत जायला निघाली तर त्याने वाट अडवली, "बाया नाही चालत आत."

बाबा म्हणाले, "धर बेटा त्रिशूळ!"

चंद्रभानचा हात पुढे झाला. ओरडून कुणी ऐकलं नसतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दोघांच्या मधे शिरले आणि बाबांच्या पायाशी बसले.

"थांब गा चंद्रभान! बाबांचे पाय धुतल्याबिगर सोहळा कसा? बाबा, खडावा काढा."

बाबा दचकले. "आई, आज मुहूर्त नाही."

"पाय धुवायला कसला मुहूर्त? पाय धुवून आधी तुम्ही त्रिशूळ धरा. आमच्यासारखं, ओल्या पायांनी. मग पोरगा धरंल."

"हो जी, बाबाचे पाय धुवू!" बाया पुढे सरकल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "काढा ना बाबा, आमी तं रोजच भिजवतो!"

लोक हसले. बाबांनी एक खडाव काढून पाय खाली टेकवला. ओलं लागताच चटकन वर घेतला. सगळ्यांनी ते पाहिलं. चंद्रभानने हात मागे घेतला होता, पण नजर बाबांवरच होती. बाबांनी मान वळवली आणि ते हळूच काहीतरी पुटपुटले. गळ्याचा माइक चालूच होता. सगळ्या लेआउटला ऐकू गेलं:

"बंट्या, बटन बंद कर बे! मशीन बंद कर!"

ढोल थांबले. त्या शांततेत ताडपत्रीमागची घरघर पहिल्यांदा ऐकू आली. मग खट्, आणि तीही थांबली.

"देवीची शक्ती बटनानं चालू-बंद होते काय गा?" एका म्हातारीने विचारलं.

मेघाने ताडपत्री ओढली. मशीन जुनं होतं. आतल्या तारेचं आवरण जळलेलं, म्हणून वीज क्लॅम्पमध्ये, म्हणजे मशीनच्या लोखंडी चिमट्यात, उतरत होती. क्लॅम्प मांडवाला लावलेला, मांडवाला त्रिशूळ. आणि अर्थिंगची तार कापून टाकलेली. सगळ्यांना लांब उभं करून तिने मशीन पुन्हा लावलं आणि त्रिशुळाला टेस्टर टेकवला. लाल दिवा लागला. प्लग काढला, दिवा विझला. मग तिने रिकाम्या हाताने त्रिशूळ धरला. काही झालं नाही. बाबांनी काढलेली खडाव उलटी केली, तर कोरड्या लाकडाखाली टायरचं रबर ठोकलेलं.

"वीज तुमच्या ओल्या पायांतून जमिनीत जायची, याच्या नाही," ती म्हणाली. पुढे कळलं, पहिला झटका कुण्या भाविकाला अपघाताने बसला होता. भूपेशने त्यातून दुकान मांडलं.

चंद्रभान चिखलात बसला. "म्हंजे मी धरला असता तं..."

"तर सुटला नसतास," मेघा म्हणाली.

प्रणालीने त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले आणि मग त्याच पाठीवर डोकं ठेवून रडली.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. लोखंडाला हात लावून झटका बसला तर नमस्कार करू नका, मेन स्विच बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. वेल्डिंग करणाऱ्याने कोरडे, धड हातमोजे आणि जोडे कुणाच्याही सांगण्यावरून काढू नयेत. जो तुम्हाला भिजायला सांगतो आणि स्वतः कोरडा राहतो, त्याला कारण विचारा.

भूपेशवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. जामिनावर सुटल्यावर तो शहर सोडून गेला. बंटी एका हार्डवेअरच्या दुकानात लागला. मेघाची बदली भंडाऱ्याला झाली. चंद्रभानने मशीन दुरुस्त करून, अर्थिंग जोडून, जोडे घालून तो मांडव पुरा केला. प्रणालीला मुलगी झाली. आता शाळेत जाते, खूप बोलते. आणि शेजारच्या रुख्माबाई अजून सांगतात की त्यांचा गुडघा त्या झटक्यानेच बरा झाला होता. मी वाद घालत नाही. दर महिन्याला त्यांना ऑटोत बसवते आणि हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन जाते.