पार्ट अजून आला नाही

मी चाकात नऊ गोळ्यांची नऊ घरं असलेला एक छोटा रिव्हॉल्वर बोलतोय. जरा कान जवळ आणून ऐका, कारण तुमच्या-माझ्यामध्ये तिजोरीचं जाडजूड दार आहे. आत अंधार आहे आणि तेलाचा वास आहे. हलायला जागा नाही. गेले सात महिने मी इथे अडकून पडलोय, आणि माझ्या नावावर एक खोटा आजार लिहिलाय. त्याची चिठ्ठी दोऱ्याने माझ्याच गळ्यात बांधलीय : 'पिन खराब. पार्टची वाट पाहत आहे.'

माझी पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारा खिळा, ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण हा विषय निघाला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

जन्म माझा पूर्वेकडच्या एका कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. कानस, पॉलिश, आणि शेवटी एका जाड्या माणसाने माझं चाक गर्रकन फिरवून 'चल, पुढे' म्हटलं, तेवढंच. माझी खरी ओळख झाली ती अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, सीडर बेंड गावात, नॉर्बर्टच्या हार्डवेअरच्या दुकानात. एका बाजूला खिळे आणि कोंबड्यांचं खाद्य, दुसऱ्या बाजूला गळ आणि बियाणं, आणि मधल्या काचेच्या कपाटात आम्ही.

आर्डिस मला बघायला आली तेव्हा तिचा नवरा डेल्मर बरोबर होता. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठे डबे उघडून तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा पार गेला होता. आता ती निवृत्त झाली होती आणि रविवारी नवऱ्याबरोबर नेम धरून रिकामे डबे पाडायचे, एवढीच तिची हौस होती.

नॉर्बर्टने आधी खिशात मावेल असं एक नाजूक पिस्तूल पुढे केलं. "बायकांना हे फार आवडतं."

"कुठल्या बायकांना विचारलंस रे, नॉर्ब? की घरबसल्या तूच ठरवलंस?" आर्डिस म्हणाली. ते दोघं एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे त्याची गय होत नसे.

डेल्मरला दुसरंच एक आवडलं होतं. लांब नळीचं, जुन्या धाटणीचं, दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागणारं. आर्डिसने घोडा दोनदा ओढून बघितला, ओठ चावला आणि ते खाली ठेवलं.

"पण दिसतं किती रुबाबदार," डेल्मर म्हणाला.

"मला डबे पाडायचेत. रुबाब तू कर."

मग मी तिच्या हातात आलो. नॉर्बर्टने माझ्या घरांत खोटी काडतुसं भरून दिली. माझ्या जातीचं काडतूस कडेवर ठोकावं लागतं. घर रिकामं ठेवून चाप ओढला तर पिन थेट चाकाच्या लोखंडावर आपटते, स्वतः बोथट होते आणि चाकाच्या कडेला खाच पाडते. हे डेल्मरने अर्ध्या गावाला शिकवलं होतं. कुणी दुकानात रिकामा चाप ओढताना दिसला की तो चारचौघांत त्याची हजेरी घ्यायचा.

माझ्यात अंगठ्याचं काही काम नाही. नुसता चाप ओढायचा. घोडा आपोआप उठतो, चाक फिरतं, घोडा पडतो. एका ओढीत सगळं. आर्डिसने नऊ वेळा ओढलं.

"कडक आहे," ती म्हणाली. "पण बोट शाबूत आहे माझं, गेलाय तो अंगठा. आणि वजन आहे त्यामुळे हात हलत नाही. हाच."

"वापरून सैल होईल," नॉर्बर्ट म्हणाला.

"मी की हा?"

मला तेव्हाच ती बाई आवडली.

पुढची अकरा वर्षं माझी मजेत गेली. रविवारी चर्च आटोपलं की आम्ही गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत जायचो. उंच मातीच्या भिंतीसमोर फळीवर पीचचे रिकामे डबे मांडायचे. थर्मासमधली कॉफी, मेणकागदातली हॅमची सँडविचेस. आधी ती, मग तो. तिचे डबे टणाटण उडायचे आणि त्याची गोळी मातीत जायची.

"वारा आला मध्येच," डेल्मर म्हणायचा.

"हो ना. मी मारत असले की थांबतो, तुझी पाळी आली की सुटतो. चावट आहे अगदी."

माणसं हरली की कारणं किती शोधतात, हे मी त्या खाणीत पाहिलं. पण तो हरताना खूश दिसायचा. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो मला साफ करायचा. नळीतून फडकं फिरवायचा, प्रत्येक घर पुसायचा. तोवर ती रेडिओ लावून भांडी विसळायची. मी सुखात होतो, याहून वेगळं काय सांगू?

गेल्या ऑक्टोबरमध्ये आर्डिस गेली. लिंकन शहरातल्या इस्पितळात तीन आठवडे होती. मी त्या वेळी कपाटातल्या डब्यात होतो, त्यामुळे मला फक्त घरातले आवाज कळले. आधी खूप माणसं आली. मग खूप भांडी आली. इथे घरात कुणी गेलं की शेजारपाजारचे लोक शिजवलेलं अन्न आणून देतात, आणि भांडं चुकू नये म्हणून बुडाशी पट्टी चिकटवून तिच्यावर आपलं नाव लिहितात. आठवड्याभराने माणसं यायची थांबली. भांडी तशीच ओट्यावर पडून राहिली.

मग एका दुपारी डेल्मरने मला बाहेर काढलं.

मला वाटलं, खाणीत जायचं. पण तो टेबलाशीच बसला. वर्तमानपत्र पसरलं नाही. माझं चाक उघडून पाहिलं, ते रिकामं होतं, तसंच बंद केलं. आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखून त्याने चाप ओढला.

रिकामा!

पिन लोखंडावर आपटली. मी कळवळलो. अहो, ज्याने अर्ध्या गावाला यावरून फैलावर घेतलं, तो हा माणूस! त्याने पुन्हा ओढला. पुन्हा. चाक एकेक घर पुढे सरकत होतं. टेबलावर काडतुसांचा डबा उघडा होता आणि त्याची नजर हळूहळू घड्याळावरून त्या डब्याकडे वळायला लागली होती.

माणसाच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावरून कळत नसेल, पण चापावरच्या बोटातून मला कळतं. मला कळलं. तुम्ही माणसं मला भिता, पण त्या दुपारी माझ्याइतकं घाबरलेलं त्या घरात कुणी नव्हतं. कारण मला नाही म्हणता येत नाही. ज्या गुणासाठी आर्डिसने मला पसंत केलं, तोच आता मला नकोसा झाला. एका ओढीत सगळं होतं, मध्ये कुणी थांबवत नाही, मला कुणी विचारत नाही. मी त्याच्या मुठीत होतो आणि सुटायला वाट नव्हती.

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि उत्तराची वाट न बघता नॉर्बर्ट आत आला. त्याच्या बायकोने नूडल्सचं भांडं परत आणायला पाठवलं होतं. तो दारातच थबकला. त्याने आधी तो टकटक आवाज ऐकला, मग मला बघितलं, मग उघडा डबा बघितला. त्याचा चेहरा पार उतरला. तो आवाज दुसऱ्या कुणाच्या घरात ऐकला असता तर त्याला काहीच वाटलं नसतं. पण डेल्मर रिकामा चाप ओढतोय म्हणजे त्याला आता उद्याची पडलेली नाही, हे त्याने तिथल्या तिथे ओळखलं.

तो बोलला मात्र भलतंच.

"काय रे हे? मोडलीस ना पिन? आण इकडे."

"मोडली नाही."

"मला शिकवू नकोस. आवाज ऐकला मी. दुकानात नेऊन बघतो." त्याने हात पुढे केला. "दे, डेल्मर. दे म्हणतो ना."

मग डेल्मरने मला उलटं धरून मूठ त्याच्या हातात दिली. नॉर्बर्टने काडतुसांचा डबाही काखोटीला मारला. भांडं न्यायचं तो विसरला. गाडीत बसल्यावर मला मांडीवर ठेवून तो कितीतरी वेळ किल्लीच लावेना.

तेव्हापासून मी इथे आहे. दर शनिवारी सकाळी डेल्मर दुकानात येतो. तिजोरी काउंटरच्या मागेच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"आला का पार्ट?"

"नाही रे. कारखान्याने बनवणं बंद केलंय म्हणे. ओहायोतल्या एकाला लिहिलंय."

पुढच्या शनिवारी ओहायोवाला आजारी पडला. त्यापुढे पार्ट आला, पण चुकीचा आला. नाताळात टपाल अडकलं. नॉर्बर्टसारखा सरळमार्गी माणूस, पण माझ्या पिनेपायी त्याने पोत्याने थापा मारल्या. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "कॉफी टाकलीय, बस थोडा वेळ." आणि डेल्मर बसायचा. सुरुवातीला दहा मिनिटं, नुसता. जानेवारीत भांडायला लागला. मार्चमध्ये बियाण्यांच्या पाकिटांवरून त्याने नॉर्बर्टची टिंगल केली, आणि मी अंधारात एकटाच हसलो.

खोटं कशाला बोलू, मी वैतागलोय. फळीवरचे डबे आठवतात, ऊन आठवतं. तब्येत ठणठणीत असून आजारी म्हणून पडून राहायचं, याहून मानहानी ती कोणती? कधी कधी वाटतं, ओरडून सांगावं, मला काही झालेलं नाही, काढा बाहेर.

परवाच्या शनिवारी डेल्मर आला.

"आला का पार्ट?"

"नाही," नॉर्बर्ट म्हणाला. "अरे, तो ओहायोवाला..."

"नॉर्ब, मी चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेत. त्या रिव्हॉल्वरच्या पिनेला काही झालेलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

कॉफी ओतण्याचा आवाज थांबला. माझाही जीव टांगणीला लागला. आता हा मला मागणार आणि नॉर्बर्टकडे नाही म्हणायला सबब उरलेली नाही.

"मग सात महिने दर शनिवारी येऊन विचारत का होतास?" नॉर्बर्टने कसंबसं विचारलं.

"नाही म्हणतोस ना, ते ऐकायला."

खुर्ची सरकली. कुणीतरी जोरात नाक शिंकरलं, बहुधा नॉर्बर्टच.

"आणि आता?"

"आता काय? पुढच्या शनिवारी पुन्हा विचारीन."

तर वाचकहो, निरोप घेतो. कधी सीडर बेंडला आलात आणि काउंटरमागच्या या तिजोरीकडे लक्ष गेलं, तर माझी एवढी विनंती ऐका. माझी कीव येऊन कुणी दार उघडू नका. मी बरा आहे, हे त्या दोघांनाही माहीत आहे. मला इथेच राहू द्या, आणि त्या ओहायोवाल्याला म्हणावं, सावकाश होऊ दे.