सुवाच्य अक्षर

"सिस्टर, खरं सांगा. हे खरं अर्जंट, की राउंडच्या आधीचं अर्जंट?"

खिडकीतून आलेली रक्ताची ट्यूब उजेडाकडे धरून फौजदारबाई फोनवर विचारत होत्या. हे नाव लॅबमधल्यांनी ठेवलेलं. बावीस वर्षं त्या खिडकीशी बसून बाईंना माणसांपेक्षा ट्यूबांचाच जास्त संशय यायला लागला होता.

"खरंच अर्जंट आहे हो ताई," सात नंबर वॉर्डातली नवी सिस्टर म्हणाली.

"खरंच तर सगळेच म्हणतात."

बाईंचंही खोटं नव्हतं. सकाळपासून पस्तीस ट्यूब आल्या, त्यातल्या एकोणतीस लाल स्टिकरच्या. डॉक्टर दहाला येणार म्हटलं की नऊला सगळा वॉर्ड मरणाच्या दारात! म्हणून बाईंनी आपली एक परीक्षा काढली होती. फॉर्मवरचं अक्षर बघायचं. खरी धावपळ असली की अक्षराचे कोंबडीचे पाय होतात, वय लिहायचं राहतं. मोत्यासारखं अक्षर आणि वर लाल स्टिकर, म्हणजे लबाडी.

या फॉर्मवर तर मोतीच ओवले होते. वय अठ्ठावन्न, वेळ नऊ पाच, खाली सरळ रेघसुद्धा.

"बसा रांगेत," असं ट्यूबलाच सांगून बाईंनी ती मागे ठेवली.

पाऊण तासाने यंत्राने आकडा दिला. पोटॅशियम सात पॉइंट चार. बाईंनी आधी यंत्रावर संशय घेतला, मग ट्यूबवर. रक्त काढताना पेशी फुटल्या की आकडा खोटा चढतो, रक्तावर सुटलेलं पाणी लालसर दिसतं. इथे ते स्वच्छ पिवळं होतं. पुन्हा लावून पाहिलं. तेच. एवढ्यावर माणसाचं हृदय कधीही थांबतं.

"सिस्टर, सात पॉइंट चार! डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगा. आणि औषध दिल्यावर तासाभरात दुसरी ट्यूब पाठवा. मी हातातलं सगळं टाकून लावते."

"हो ताई."

"आणि एवढी घाई होती तर असं ठेवणीतलं अक्षर कशाला काढत बसलात?"



"परवा तुम्हीच माझा फॉर्म परत पाठवलात ना, अक्षर लागत नाही म्हणून? त्यात वीस मिनिटं गेली. आज ती जायला नकोत, म्हणून नीट लिहिलं."

फोन ठेवला गेला.

बाईंनी यंत्रात एक जागा मोकळी ठेवली. अकरा वाजले. बारा वाजले. बाहेर पावलं वाजली की त्या खिडकीतून हात पुढे करायच्या. ट्यूब यायच्या, पण दुसऱ्याच वॉर्डांच्या.

दोनला दुपारपाळीची आली. "उठा की ताई. काय राहिलंय?"

"सात नंबरची एक ट्यूब यायचीये."

"मग फोन करून विचारा ना! एरवी तर सगळ्यांची उलटतपासणी घेता."

बाईंनी फोनकडे पाहिलं.

"येईल," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढून बसल्या.