रिकामी पायरी

उन्मेष फोटोवाला आला का मले दुकान उचला लागे. दुकान म्हणजे काय, इतवारी बाजारातल्या त्या कोरीव सज्जाच्या इमारतीच्या पायरीवर मांडलेली सुपं, चाळण्या अन् मी. लग्न झाल्यापासून तिथंच बसते. आधी सासूसंग, मंग एकटी.

पोरगा मोठा गोड बोले. "मावशी, जरा बाजूला होता का? या इमारतीच्या रेषा बघा, किती सुंदर आहेत!" मले काय रेषा दिसत नव्हत्या बाप्पा. पण एवढा शिकला-सवरला माणूस हात जोडून म्हणते, तं मी पसारा उचलो. वरून हातगाडीवाल्यांवर ओरडो, "थांब ना गा, पोरगा फोटो काढून राहिला!" माणसं आली का इमारत दिसत नाही म्हणे. वायरी, गाड्या, जे उरलंसुरलं ते घरी कम्प्युटरवर पुसून टाके. त्याचे फोटो मोठ्या मोठ्या शहरात भिंतीवर लागत.

यंदा बाजाराचा रस्ता रुंद करायचं निघालं. पायरीवरच्या सगळ्यायनं उठायचं. ज्याच्यापाशी जुना फोटो असंन, तिथं बसलेला, त्याले नव्या बाजारात जागा. बाकीच्यायनं आपलं पाहून घ्यायचं. चपलावाल्या धर्मेंद्रनं पोरीच्या वाढदिवसाचा केक ठेल्यावरच कापला होता, त्याचा फोटो निघाला. त्याले जागा भेटली. माह्यापाशी लग्नातला एक फोटो, तोही माहेरचा, पारशिवनीचा. पण मी काहून भेऊ? माह्या पायरीचे जेवढे फोटो निघाले, तेवढे कोण्या नवरीचे निघाले नसतीन!

ऑटो करून नंदनवनले त्याच्या घरी गेली. त्यानं चाय पाजली, कम्प्युटर उघडला. इमारत, इमारत, इमारत. सकाळची, सांजची, धुक्यातली. पायरी धुतल्यावानी साफ.

"अरे, मी कुठी आहो?"

तो शोधत राहिला. चेहरा उतरत गेला त्याचा. "दोन-तीनमध्ये होता तुम्ही मावशी. मी काढून टाकलं."

"मंग काढायच्या आधीचा दाखव ना!"

"ते ठेवत नाही मी. साफ केलेलेच ठेवतो."

"अन् बाकीच्यात? तवा मी कुठी होती?"

"माझ्या मागं," तो हळूच म्हणाला. "माझी बॅग धरून."

माह्यं डोकं असं सणकलं! चांगल्या चार शिव्या द्याव्या वाटलं. पण त्याच्या डोळ्यात पाणी पाहून तेही जमलं नाही. आता चिडू तं कोणावर चिडू? "मी येतो तुमच्यासोबत," तो म्हणाला. "मी स्वतः सांगतो महापालिकेच्या साहेबांना."

दुसऱ्या दिवशी खरंच आला. आपण त्या पायरीपाशी फोटो काढाले जात होतो हे साहेबाले पटावं म्हणून सगळ्यात मोठा फोटो छापून आणला. मले वाटलं, झालं आपलं काम. साहेबानं फोटो हातात घेतला अन् खूश झाला. "वा! ही आपली इतवारी?" मंग चष्मा लावून पाहिलं. "पण बाई, पायरी तर रिकामी आहे."

उन्मेषनं सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. बाईंना मीच उठवत होतो साहेब, दरवेळी मीच उठवत होतो. साहेबानं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं मले पाणीही दिलं.

"म्हणजे कोणी म्हटलं की बाई उठत होत्या," तो म्हणाला. "त्यांची कायमची जागा असती, तर उठल्या असत्या का?"

मी उन्मेषकडं पाहिलं. तो खाली पाहून राहिला होता. जिंदगीभर तोंड चालवलं मी त्या बाजारात, गिऱ्हाइकाले बोलून बोलून सूप विकलं. पण ह्या साहेबाले काय सांगू? का माणूस चांगला वाटला म्हणून उठली?

साहेबानं तो रिकाम्या पायरीचा फोटो माह्याच जागेच्या अर्जाले टाचला. पुढच्या बाईचं नाव पुकारलं, अन् मी उठली.