सांगून निघावं

लहान मूल मागे लागू नये म्हणून त्याच्या हातात बिस्कीट द्यायचं आणि मागच्या दाराने सटकायचं, ही विद्या आपल्याकडे घरोघरी आहे. कोणी कोणाला शिकवत नाही, तरी सगळ्यांना येते. क्षमालाही येत होती. फरक एवढाच, की तिला एकोणीस मुलांची नजर चुकवून निघायचं होतं, आणि तेही सहा महिन्यांसाठी.

क्षमा आणि तिचा नवरा सुशील मूळचे अचलपूरचे. मिशनच्या कामासाठी बारा वर्षांपूर्वी रायपूरला आले आणि बूढ़ापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत, अनाथ मुलांचं घर सांभाळू लागले. त्यांची मुलगी रीना याच मुलांच्या पंगतीत वाढली. आता रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं होतं. भोपाळहून बदलून आलेले साहेब भाड्याची घरं शोधत गल्लोगल्ली फिरत होते. नेमकी त्याच दिवसांत तिकडे अचलपूरला सुशीलची आई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिचं करणारं दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा घर सहा महिने मायामावशींच्या हाती सोपवायचं ठरलं.

मायामावशी म्हणजे रेल्वेतल्या तुळशीरामांची बायको. नऊ वर्षं त्या या घरात स्वयंपाक करत होत्या, तापात मुलांच्या उशाशी बसत होत्या, उवा काढत होत्या. तरी क्षमाच्या जिवाला घोर लागला होता. कोणाला दूध पचत नाही, कोण पालीला भितं, कोणाचं औषध कुठल्या कप्प्यात आहे, हे ती दिवसातून चारदा सांगे. मावशी दर वेळी ‘हव’ म्हणून होकार देत. आपल्याइतकंच मावशींनाही हे ठाऊक आहे, हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं.

शुक्रवारी साडेअकराची गाडी होती. मुलं दहाला शाळेत जात. ती गेली की निघायचं, असा बेत होता. गुरुवारी दुपारी क्षमा दार लावून बॅगा भरत होती. भरलेलं पुन्हा काढत होती. कशात मन लागत नव्हतं. मुलांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण कुणकुण लागायची ती लागलीच. सात वर्षांची गोदावरी एकदा बटण लावायला आली, एकदा पेन्सिलीला टोक करायला, एकदा नुसतीच. बाहेर पोरांची विनाकारण भांडणं जुंपत होती. रीना तर तीन दिवसांपासून पंगतीत बसेनाशी झाली होती. बसलं की तोंडून निघून जाईल, म्हणून ती आधीच जेवून घेई.

संध्याकाळी क्षमा स्वयंपाकघरात आली. मावशी भाजी निवडत होत्या.

“मावशी, उद्या मुलांनी विचारलं तर सांगा, बाजारात गेले. परवा विचारलं तर सांगा, काम निघालं. आठ दिवसांत सवय होऊन जाईल.”

मावशींनी भाजी खाली ठेवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या ‘हव’ म्हणाल्या नाहीत.

“नाही, ताई. हे मी नाही सांगणार.”

“काहून, मावशी?”

“तुमी मले घर देऊन राहिल्या. चाब्या द्या, औषधं द्या, सगळं करतो मी. पण पहिल्याच दिवशी माह्या तोंडून खोटं बोलवता. मंग सहा महिने या पोट्ट्यांनी माह्या कोणत्या बोलण्यावर भरोसा ठेवायचा? उद्या मी म्हटलं, चला डॉक्टरकडे, सांजी घरी येऊ, तर येतीन काय ते माह्यासंगं?”

“पण सांगितलं तर रडून घर डोक्यावर घेतील!”

“घेऊ द्या नं. रडणं काही बिमारी आहे काय? खरं सांगा ताई, त्यांचं रडणं पाहवत नाही, का तुमचं तुमाले आवरत नाही?”

हे क्षमाला झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. “बारा वर्षं मी या मुलांना वाढवलं, आता तुम्ही मला शिकवणार?” ती बोलून गेली, आणि बोलल्याबरोबर तिला लाज वाटली.

मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माहा धम्मदीप दोन वर्षांचा होता. मी भनपुरीले गोदामात कामाले जायची. त्याले मुरमुरे द्यायचे अन् सटकायचं. रडत नव्हता. शेजारीण म्हणे, कित्ती शहाणं पोट्टं. पण घरी आली का माहा पदर सोडत नव्हता. संडासात गेली तरी दारापुढं बसून राहे. मंग एक दिवस त्याले सांगून गेली. त्यानं भोकाड पसरलं, आठ दिवस पसरलं. नवव्या दिवशी खेळाले लागला, अन् माहा पदर सुटला.”

सुशील दारात उभा राहून ऐकत होता. दर रविवारी खरं बोलण्यावर अर्धा तास प्रवचन करणारा हा माणूस, बाजाराच्या थापेला मात्र मान डोलावून मोकळा झाला होता. तो हळूच म्हणाला, “क्षमा, मावशी बरोबर बोलून राहिल्या. मी भ्यायलो होतो.”

रात्रीच्या पंगतीत क्षमा मुलांसमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. दादी पडली, तिचं करणारं कोणी नाही, उद्या आम्ही जातोय, सहा महिने लागतील, कदाचित जास्तही. दर रविवारी फोन करू. तोवर हे घर मायामौसीचं, आणि मौसी सांगेल ते खरं. मग रडारड झाली. दोन मुलं ताट सोडून उठली. रीना आपल्या जागी येऊन बसली आणि रडत रडतच जेवली.

गोदावरी रडली नाही. ती क्षमाकडे बघत राहिली.

“सच बता रही हो?”

“हो, बेटा. सच.”

“मेरे को पापा स्टेशन पे बोले थे, समोसा लाता हूँ, इधर ही बैठ. मैं दो दिन बैठी रही. बोल देते कि जा रहा हूँ, तो मैं उठ जाती ना.”

रेल्वे पोलिसांनी दोन वर्षांपूर्वी गोदावरीला आणून दिलं, तेव्हा कागदावर ‘हरवलेली मुलगी’ एवढंच लिहिलेलं होतं. समोशाची गोष्ट तिने आजवर कोणालाच सांगितली नव्हती. क्षमाने तिला पोटाशी धरलं. आपण उद्या हिच्याशी नेमकं तेच करणार होतो, हे तिच्या लक्षात आलं.

शुक्रवारी एकही मूल शाळेत गेलं नाही. सगळी फाटकाशी उभी होती, रडत होती, हात हलवत होती. रिक्षातून क्षमा मागे वळून बघत राहिली. रिक्षा गल्लीच्या वळणावर पोचायच्या आधीच गोदावरी मायामावशींचं बोट धरून घरात वळली. क्षमाच्या काळजात क्षणभर कळ आली. मग तिला कळलं, की पोरीला वाट बघत तिथे बसून राहायची गरज उरली नव्हती.

मित्रहो, मूल लहान असतं, पण मूर्ख नसतं. त्याच्या रडण्याला भिऊन आपण त्याला फसवतो, आणि त्याला दुखावलं नाही म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतो. त्याच्यापासून दूर जायची वेळ आपल्यावर कधी ना कधी येतेच. तेव्हा त्याच्यासमोर बसावं, खरं सांगावं, त्याला रडू द्यावं, आणि मग पुढच्या दाराने निघावं.