दाजींचा आठ

नेमबाजी हा मनाचा खेळ आहे. श्वास, दृष्टी आणि चित्त एका बिंदूवर आलं की गोळी आपोआप तिथे जाते; वय, जात, तालुका यांचा तिथे काही संबंध उरत नाही. पेणच्या नेमबाजी क्लबात हे वाक्य दर्शनी भिंतीवर रंगवलेलं आहे, आणि त्याच्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, रंगाचा खर्च उचलणाऱ्या दाजींचं नाव, पद आणि तालुका आहे.

वाक्य रघुनाथ चित्रे यांचं. चित्रे सर तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि बंद पडलेल्या एका भातगिरणीच्या गोदामात त्यांनी दहा मीटरची रेंज काढली. चार लेन, चार जुन्या एअर रायफली, आणि निशाण्याचं कार्ड तारेवरून मागेपुढे न्यायला हाताने फिरवायच्या चक्र्या. "लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर कुंड्यांना पाणी घालतात," सरांच्या पत्नी श्यामलाबाई माहेरी सांगत, "आमच्यांनी गोदाम घेतलं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे साठ मुलं येत, पावसाळ्यात वीस, परीक्षेच्या दिवसांत चार. बारा महिने येणारी एकच, नम्रता म्हात्रे. खाडीकाठच्या गावातून निघायचं, वडखळला गाडी बदलायची आणि सातच्या ठोक्याला लेन तीनवर उभं राहायचं. बाप कमळाकर आधी मिठागरावर होता, आता डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर. ही मुलगी राज्य स्पर्धेत अंतिम फेरी गाठेल असं सरांचं गणित सांगत होतं, आणि ते गणिताच्या बाबतीत उगाच आशावादी माणूस नव्हते. पण यंदा तिचं ज्युनियर गटातलं शेवटचं वर्ष होतं. ऑनलाइन अर्ज गेला होता. फी भरली होती. राहिलं होतं एकच: स्पर्धेच्या जागी हजर होताना दाखवायचं जिल्हा संघाचं शिफारसपत्र.

आणि जिल्हा संघ दोन होते.

फूट तत्त्वावरून पडली होती. वार्षिक सभेत मधल्या खुर्चीत कोणी बसायचं, हे ते तत्त्व. पेणचे दाजी, माजी जिल्हा परिषद सदस्य, आणि रोह्याचे सुशीलशेठ, माजी उपनगराध्यक्ष, दोघांनीही ते प्राणपणाने जपलं. सभा अर्ध्यात सुटली, आणि आठवड्याभरात दोन लेटरहेड, दोन गोल शिक्के आणि दोन अध्यक्ष तयार झाले. दोघांपैकी कोणीही आयुष्यात स्पर्धेची रायफल हातात धरलेली नव्हती, त्यामुळे वादाला वैयक्तिक हेव्यादाव्याचा वास नव्हता. राज्य संघटनेने तेव्हाच कळवलं, तुमचा वाद मिटेपर्यंत दोन्ही अध्यक्षांच्या सह्या असलेलं एकच पत्र चालेल. त्याला तीन वर्षं झाली.

सरांनी त्या महिन्यात रोह्याला सहा खेपा घातल्या.

"सर, पोरगी आपलीच हाय," सुशीलशेठ प्रत्येक खेपेला चहा मागवून म्हणत. "पण त्यांच्या सहीच्या खाली माझी सही? लोक काय म्हणतील?"

"खाली नको, शेजारी करा."

"शेजारी म्हणजे कुठल्या बाजूला?"

सर पेणला परतले की दाजी म्हणत, "त्याला सांगा, कुठंबी कर. फक्त डावीकडं मी. वाचणारा डावीकडनं वाचतो."

शेवटी तोडगा निघाला तो ऐक्य सोहळ्याचा. कार्यक्रम पेणला, जेवण रोह्याचं. बॅनरवर दोघांचे फोटो सारख्या मापाचे. रोह्याचा माणूस टेप घेऊन आला तेव्हा दाजींची टोपी अर्धा इंच वर जाताना आढळली, ती छपाईत कापली गेली. सह्या एका वेळी, दोन पेनांनी, एका ओळीत. आणि सह्यांआधी दोघांनी लेन दोन आणि तीनवरून मानाची एकेक गोळी झाडायची.

या मानाच्या गोळीची एक रीत आहे. ती कुठल्या नियमपुस्तकात नाही, पण क्लब चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पाहुण्याच्या लेनवर कोरं कार्ड लावायचं नाही. मधोमध आधीच भोक पाडलेलं कार्ड लावायचं. दहा मीटरवरून काळ्या वर्तुळातलं ते भोक दिसत नाही. पाहुणा गोळी झाडतो, ती भिंतीला, पोत्याला किंवा परमेश्वराला लागते. चक्री फिरते, कार्ड जवळ येतं, आणि त्यावर बरोब्बर दहापैकी दहा असतात. टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी देणगी येते. पाहुण्याचा नेम कार्डाला लागूच शकतो, ही शक्यता या रीतीने कधी विचारात घेतलेली नव्हती, कारण तशी वेळ कधी आली नव्हती.

"दोन कार्डं पाड," सरांनी आदल्या सकाळी नम्रताला सांगितलं. "दोन्ही सारखी. एकाचं भोक जरा सरकलं तर पुन्हा तीन वर्षं."

"मी नाय पाडणार."

"अगं!"

"सर, मी रोज दोन गाड्या बदलून येते, तेव्हा ते दहा पडतात. ते यांच्या नावावर लावायचे?"

वर्गात अडलं की सर खडू शोधत. इथे त्यांनी छऱ्यांची डबी शोधली. ती नम्रताच्या हातात होती.

"पत्र तुझ्यासाठीच आहे गं," ते म्हणाले.

तिने जॅकेटची बटणं लावली, रायफल खांद्याला घेतली आणि दोन कार्डांत दोन गोळ्या अशा घातल्या की मधला ठिपका दोन्हीकडे नाहीसा झाला. "घ्या," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, फ्रेम करा."

सोहळ्याला दीडशे माणसं आली, त्यांतली सहा नेमबाज. हार, नारळ, भाषणं यथासांग झाली. दाजींनी भाषणात खेळात राजकारण आणू नये असं सांगितलं, सुशीलशेठनी या मताचा पहिला उच्चार आपण रोह्यात केल्याची आठवण दिली. टेबलावर पत्र, पत्रावर दोन पेनं, पेनांवर सरांची नजर.

सरांनी तीन आकडे मोजले आणि दोन्ही गोळ्या एकदम सुटल्या. सुशीलशेठच्या लेनवरून वरच्या पत्र्यावर टण्णकन आवाज आला. तो दीडशे माणसांनी ऐकला आणि दीडशे माणसांनी ऐकला नाही. चक्री फिरली, कार्ड आलं, त्यावर दहा. रोह्याच्या मंडळींनी शिट्ट्या मारल्या.

दाजींची चक्री नम्रताकडे होती. अर्ध्या वाटेत तिचा हात थांबला.

"फिरव गो, थांबलीस कशाला?" दाजी म्हणाले.

तिने सरांकडे पाहिलं आणि उरलेली तार फिरवली. कार्डाला दोन भोकं होती. एक ठिपक्यावर. दुसरं काळ्या वर्तुळात, जरा उजवीकडे, आठाच्या कड्यात.

मग सुशीलशेठ कार्डावर वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एका गोळीत दोन भोकं! दाजी, पेणला नळाला पाणी येत नाय म्हणतात, पण गोळीला बरकत हाय."

रोहा हसला. पेणकर लाल झाले. मागून कोणी ओरडलं, "चीटिंग!" आणि कोणाचं, हे न विचारताच दोन्हीकडची माणसं पुढे सरकली. सरांच्या डोळ्यांपुढे पत्राचे चार तुकडे तरळले. खरं सांगावं तर दोन्ही कार्डं बनावट ठरतात, सुशीलशेठ उठून जातात, सही जाते. न सांगावं तर दाजी लबाड ठरतात, तेही उठून जातात, सही जातेच. गणिताच्या मास्तराला दोन्ही बाजूंनी शून्य येत होतं.

दाजी मात्र कार्डाकडे बघत उभे होते. राजकारणात पस्तीस वर्षं घातलेल्या माणसाला, आपण न केलेलं काम आपल्या नावावर दिसलं की त्याचा उगम लगेच कळतो. त्यांनी कार्ड काढून घेतलं आणि सरांना दंडाला धरून बाजूला, चक्रीपाशी नेलं. नम्रता तिथेच होती.

"सर, दहावाला हिचा ना?"

सरांनी मागे वळून सुशीलशेठकडे पाहिलं.

"मला आवाज कळला हो, शेठची पत्र्याला लागली. म्हंजे त्याचाबी दहा हिचाच." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मग हा आठवाला कोणाचा?"

"तुमचा," नम्रता म्हणाली.

"खरा?"

"खरा. पहिल्याच गोळीला आठ. मला पहिल्या दिवशी कार्ड पण नव्हतं लागलं."

दाजींनी त्या भोकात करंगळीचं नख घालून पाहिलं. "नातवाच्या छऱ्याच्या बंदुकीनं महिनाभर माडाला डबा लावून मारतोय," ते म्हणाले. "बायकोला सांगितलंय, माकडं हाकलतो. म्हटलं, शेठपुढं हसं नको व्हायला." मग सरांना म्हणाले, "मी बोललो तर तो सही नाय करणार."

"नाही करणार."

दाजी वळले. समोर दीडशे माणसं, अर्धी हसणारी. सरांनी असा चेहरा यापूर्वी एकदाच पाहिला होता, सातवीतल्या एका ढ मुलाचा, त्याचं एक उत्तर बरोबर आलं होतं आणि शेजारच्याने ते कॉपी केल्याचं जाहीर केलं होतं.

"छर्रा फुटला असल," दाजी मोठ्याने म्हणाले. "जुना माल. शेठचा एकच दहा हाय, पण साफ हाय. शेठ जिंकले. चला, सह्या करू."

पेणकरांना धक्का बसला. दाजींनी आयुष्यात पंचायतीची हार मान्य केली नव्हती, आणि निवडणूक आयोगाने समजावूनही केली नव्हती. सुशीलशेठ तर इतके खूश झाले की डावीउजवी बाजू विसरले आणि उजवीकडे सही करून मोकळे झाले. दाजींनी डावीकडे केली. जेवायला जाताना त्यांनी ते कार्ड घडी न घालता सदऱ्याच्या आत सरकवलं आणि जेवताना ताठ बसून राहिले.

दहाव्या दिवशी सर, नम्रता आणि कमळाकर पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले. पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, फोल्डर पिशवीत, पिशवी कमळाकरच्या मांडीवर. नोंदणीच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी आधार कार्ड पाहिलं, फीची पावती पाहिली, नम्रताला नंबर दिला. सरांनी पत्र पुढे केलं. बाईंनी दोन्ही सह्या, दोन्ही शिक्के नीट पाहिले आणि पत्र परत दिलं.

"हे आता लागत नाही, सर. दोन वर्षं झाली बंद होऊन."