सिनेमातून उतरलेला मफलर

मी एक मफलर आहे, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, फुटबॉलच्या मैदानावरचा. सिनेमात हिरोच्या गळ्यात अर्धा वेळ तुम्ही पाहिलात तो माझा तोतया. खरा मी आहे, आणि आता गप्प बसणार नाही.

मला ताईनं विणलं, धाकट्या भावासाठी. तो गोदीत वेल्डर होता. "उघड्यावर ओरडत बसतोस, निदान गळा तरी झाक," म्हणाली. तिला काय ठाऊक, मैदानात भावाला सगळे ‘हातोडा’ म्हणतात! सामना संपला की त्याची टोळी दुसऱ्या संघाच्या लोकांना गल्लीत गाठायची. गोल कोणी केला, हे त्यांना धड सांगताही आलं नसतं.

एका दुपारी त्यानं एका बस कंडक्टरला खाली पाडलं. कारण एवढंच, की त्याचा मफलर लाल होता. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. माणूस जगला, पण डावा हात कायमचा लुळा पडला आणि जीभ अडखळू लागली. हातोडा तुरुंगात गेला. सुटल्यावर त्यानं मैदान सोडलं. मला मात्र त्याच्यानं टाकवेना, ताईच्या हातचा ना मी!

वीस वर्षांनी एक दिग्दर्शक दारात आला. "काका, तुमच्या टोळीवर सिनेमा करतोय. मारामारी अस्सल हवी, तुम्ही शिकवा." खरं काय ते लोकांना कळेल, या आशेनं वेल्डर तयार झाला. मी हिरोच्या गळ्यात गेलो. खोटं कशाला बोलू, सुखावलोही. दिवे काय, अत्तर काय!

मग फुटपाथचा प्रसंग आला. हिरोचा ठोसा बसला, लाल मफलरवाला पडला, ढोल घुमले, आणि पडलेला हसत उठून पुन्हा भिडला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"साहेब, तो उठत नाही," वेल्डर म्हणाला.

"इथे उठतो, काका. लोकांना रग बघायची असते."

"मग त्याच्या सदऱ्याची बटणं त्याची बायको लावते, तेही दाखवा."

"त्यानं मजा जाते हो!"

वेल्डर सरळ पुढे गेला आणि त्यानं हिरोच्या गळ्यातून मला ओढून काढलं.

"अहो, अर्धा सिनेमा झालाय या मफलरवर!" मॅनेजर किंचाळला.

"मग अर्ध्यावरच थांबा."

ते कसले थांबतात? यंत्रावर माझी नक्कल विणली. सिनेमा लागला, नकला घराघरांत गेल्या, आणि मैदानाबाहेर पुन्हा डोकी फुटू लागली.

तेव्हा वेल्डर कंडक्टरच्या घरी गेला. दोनदा त्याच्या बायकोनं तोंडावर दार लावलं. तिसऱ्यांदा कंडक्टरच बाहेर आला. "मा... माफीचं नंतर बघू. आधी मला थेटराशी ने."

आता दर रविवारी दुपारी दोघं तिथे उभे असतात. मी वेल्डरच्या गळ्यात, विरलेला, एका टोकाला उसवलेला. पोरं खिदळतात, "काका, तुम्हीपण सिनेमात होता का?" कंडक्टर उजव्या हातानं आपला डावा हात उचलून दाखवतो. काही जण हसत निघून जातात. काही जण थांबतात.

रखवालदारानं हुसकावलं, तर आम्ही रस्त्यापलीकडे गेलो. रस्ता काही त्याच्या मालकीचा नाही. सिनेमा बघा, खुशाल बघा. पण बाहेर आलात की आमच्याशी बोलल्याशिवाय घरी जाऊ नका. आम्ही हलणार नाही.