आधी येईल तो हरला

दसऱ्याचं सोनं घेऊन धाकट्यानं थोरल्याकडे जायचं, ही नागपूरच्या सीमेवरच्या सौसरची रीत. मात्र भावाभावांत अबोला असला, तर जो आधी आला तो हरला. त्यामुळे गुणवंतामास्तर आपट्याची पानं घेऊन दारात दिसला, तशी थोरल्या भगवंतरावांची छाती फुगली, ओठांवर हसू आलं. गेल्या वर्षी, छप्पन साली, राज्यं नव्यानं आखली आणि मध्यप्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा दोघं हमरीतुमरीवर आले होते. धाकट्याला नागपूरसोबत जायचं होतं, थोरल्याला मध्यप्रदेशातच राहायचं होतं. पुढं धाकटा मनानं खचला, अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून बसला, तरी हट्टी थोरला भेटायला गेला नाही.

गुणवंता पाया पडला. "दादा, बागेतली संत्री काय म्हणते? मी बदलीसाठी नागपूरले मंत्र्याकडे जाऊन येतो म्हणतो."

"मंत्री आता भोपाळले बसते."

"कवापासून?"

भगवंतराव चक्रावले. गुणवंताची बायको उर्मिला हळूच म्हणाली, "भाऊजी, डॉक्टरानं विजेचे झटके देल्ले. मन उभारी धरून राहिलं, पण मागचं वर्ष पुसल्यासारखं झालं. काही आठवंल, काही नाही आठवणार. भांडणाचं मी सांगतलं नाही."

म्हणजे जिंकलो कुठं? ज्याला लढाईच ठाऊक नाही त्याला काय हरवायचं? पण भाऊ पुरणपोळी मागून खात होता, हसत होता, आणि भगवंतरावांना रडू आवरेना. त्यांनीही भांडणाबाबत तोंडाला कुलूप घातलं.

मग गुणवंता रोज येऊ लागला. तो चष्मा कुठं ठेवला ते विसरे, तीच गोष्ट दोनदा सांगे, आणि भगवंतराव ती दोनदा ऐकत. धास्ती एकच होती: ज्या दिवशी याला आठवेल, त्या दिवशी हा पुन्हा तुटेल. भोपाळचं नाव निघालं की ते संत्र्यावर घसरत. एकदा तर छापील बातमी दिसू नये म्हणून अख्ख्या वर्तमानपत्रावर मांडी घालून बसले.

एका सकाळी बागेत गुणवंता म्हणाला, "दादा, आपलं भांडण झालं होतं नं?"

भगवंतराव त्याच्याकडे वळले. "कवा आठवलं तुले?"

"दसऱ्यालेच. तुमच्या उंबरठ्यावर. मंत्र्याचं मुद्दामच विचारलं."

"मंग माघारी काहून नाही गेला?"

"एक पाय आत पडला होता नं," गुणवंता संत्रं सोलत म्हणाला, "अन् तुम्ही हसून राहिलते."